गाडीत तेल न्हाई

माझ्या हिशोबात एकही चूक नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या आष्टीत चार माणसं पारावर जमली की गणिताच्या मास्तरीणबाईंचा हिशोब कसा गंडला, हे अजून चवीनं सांगितलं जातं. हिशोब बरोबर होता. गाव हिशोबात बसत नव्हतं, त्याला मी काय करू?

आमच्या ओसरीत एक फळा आहे. संध्याकाळी मी तिथं दहावीची शिकवणी घेते. दिवाळी झाल्यावर एका रविवारी दुपारी त्याच फळ्यावर मी इलेक्ट्रिक गाडीचा आठ वर्षांचा खर्च मांडला. विद्यार्थी तीन. सासरे पुंजाराम, त्यांना मी मामा म्हणते. सासूबाई नंदाबाई, त्या माझ्या आत्या, मांडीवर सूप घेऊन डाळ निवडत होत्या. आणि नवरा अंगद, त्याचं आष्टीतच खत-बियाण्याचं दुकान आहे. चारचौघांत मी त्याला 'आवं' म्हणते, पण लिहिताना नाव घ्यायला कोण अडवतंय?

फळ्याच्या एका बाजूला पेट्रोलची गाडी, दुसऱ्या बाजूला करंटची. घेतानाची किंमत, विमा, टायर, सर्व्हिसिंग, आष्टीहून परतूरच्या शाळेत रोज जाऊन यायचं अंतर, त्याला लागणारं तेल, तेलाऐवजी लागणारी वीज, आणि आठ वर्षांनी गाडी विकली तर हातात काय पडेल ते. करंटची गाडी घेताना महाग. पण चौथ्या वर्षी दोघींची बरोबरी होते आणि पाचव्यापासून करंटवाली पैसे वाचवायला लागते. मी चौथ्या वर्षाभोवती खडूनं गोल काढला आणि वर्गात बघते तसं तिघांकडं बघितलं.

"आन ब्याटरी फुगली मंग?" मामा म्हणाले. "माह्या मोबाइलची दोन सालात फुगली."

"आठ वर्षांची वॉरंटी आहे, मामा."

"कागदावर?"

"कागदावर."

"आन लाइट गेल्यावर?"

"रात्री लावून ठेवायची. सकाळी भरलेली."

"आन रस्त्यात मधीच हुभी राह्यली तर बैल जुपायचे का?"

"जीप हुभी राहायची तवा काय जुपत व्हते, आबा?" अंगद म्हणाला. घरची जुनी जीप बंद पडली की ढकलायला अंगदच असायचा.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सूप पाखडता पाखडता एकच प्रश्न विचारला. "पुढच्या सीटवर कोण बसंल?"

आम्ही तिघंही हसलो. फळाभर आकडे आणि या बाईला सीटची पडलीय. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही, डाळ निवडत राहिल्या.

खरं सांगायचं तर मामांना गाडीचं वावडं नव्हतं, माझ्या नोकरीचं होतं. वाईट माणूस नाही तो. पण घरचं दुकान असताना घरच्या सुनेनं काळी-पिवळीत अंग चोरून परतूरला जावं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मला मात्र ती शाळा हवी होती. दुकानात बसून युरियाची पोती मोजण्यापेक्षा आठवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवताना मला बरं वाटतं, आणि महिन्याअखेर माझ्या खात्यात माझा पगार पडतो तेव्हा त्याहून बरं वाटतं. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, त्याच वर्षी व्हायची होती. आणि काळी-पिवळीची जीप अशी की ड्रायव्हरच्या मांडीवर माणूस बसेपर्यंत ती हलत नाही. मला उशीर व्हायचा आणि हेडसर मस्टरवर लाल शाईनं खूण करायचे. म्हणून गाडी. घरची जुनी जीप विकून आलेले पैसे आणि माझ्या पगारातले साठवलेले, असं मिळून ती घ्यायची होती.

"ठीक हाय," शेवटी मामा म्हणाले. "पाडव्यापस्तोर चालवून बघा. परवडली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई परवडली तर गाडी इकायची आन शालूनं दुकानावर बसायचं. बराबर?"

"बराबर," मी म्हणाले. आमच्याकडं वर्षाच्या बोलीवरच्या सालगड्याचा हिशोब गुढीपाडव्याला होतो. मामांनी मला आणि गाडीला एकदमच सालानं ठेवलं.

आता जी गोष्ट फळ्यावर नव्हती ती सांगते. ती जगातल्या कुठल्याच फळ्यावर नसेल.

आमच्या गावात गाडी एकाची नसते. दारात चार चाकं उभी राहिली की ती भाऊबंदांची होतात. कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाची सोयरीक जमवायची असते, कुणाला कोर्टाची तारीख असते. मागायला आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. पण नेणाऱ्यावरही एक बंधन असतं. गाडी ज्यानं नेली त्यानं तेल टाकायचं. पैसे द्यायचे नाहीत हं. भाऊबंदाच्या हातावर नोट टेकवली तर तो वर्षभर बोलणार नाही. तेल मात्र चालतं, कारण ते तुम्ही माणसाला देत नाही, गाडीला पाजता.

मामांनी या रितीचा मोठा अभ्यास केला होता. ते जीपच्या टाकीत कधी दोन-तीन लिटरच्या वर तेल ठेवत नसत. मागणारा आला की मामा तोंडभर हसून म्हणायचे, "न्या की! गाडी तुमचीच हाय. फकस्त गाडीत तेल न्हाई." आष्टीतून जालन्याला जाऊन यायचं तेल म्हणजे किती, याचा हिशोब मागणारा मनात करायचा, थोडा वेळ पावसापाण्याचं बोलायचा, चहा प्यायचा आणि एसटीनं जायचा. नाही न म्हणता नाही म्हणणं मामांना त्या एका वाक्यानं जमायचं. ते वाक्य जीपबरोबर विकलं गेलं, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

गाडी आली. आत्यांनी हळदीकुंकू लावलं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली. मी गाडी चालवायला दोन वर्षांपूर्वीच परतूरला शिकले होते. पहिल्या दिवशी मी शाळेत प्रार्थनेच्या आधी पोचले, आणि हेडसरांनी घड्याळ बंद पडलंय का बघितलं.

आठवडाही झाला नसेल, तातेराव आले. तातेराव हे मामांचे चुलतभाऊ, दोन घरं सोडून राहतात. ओट्यावर टेकत म्हणाले, "पुंजाराम, जालन्याच्या दवाखान्यात दाखवून येतो म्हणलं. गाडी लागती."

मामांच्या तोंडात जुनं वाक्य तयारच होतं. "न्या की. फकस्त गाडीत..." इथपर्यंत आले आणि थांबले. गाडी अंगणात उभी होती, वायर खिडकीतून आत गेली होती आणि गाडी पूर्ण भरल्याचा हिरवा दिवा सगळ्या आळीला दिसेल असा जळत होता.

"न्या," मामा बारीक आवाजात म्हणाले.

तातेरावांचा मिथुन गाडी चालवायला. हा लग्नाचा मुलगा, त्याला सगळं येतं. सगळ्या काचा खाली करून त्यानं एसी फुल ठेवला आणि चार जणांचे मोबाइल चार्जिंगला लावले. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा बॅटरी जेमतेम दहा टक्के उरली होती. तातेराव खाली उतरले आणि खिशात हात घालून घुटमळत राहिले. मला दिसत होतं, माणूस खरोखर अवघडला होता.

"पुंजाराम, तेल टाकलं असतं म्या," ते म्हणाले. "पण हिच्यात कुठं टाकावं? मिथुननं पंपावर झाकण उघडून बघितलं. आत नुसतं सॉकेट."

"ऱ्हाऊ द्या हो," मामा म्हणाले. "करंटला काय लागतं?"

झालं. करंटला काय लागतं, हे वाक्य त्याच रात्री गावभर फिरलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. गाडी अशी की जी नेली तर काही टाकावं लागत नाही आणि जिचा मालक नाही म्हणू शकत नाही. ज्यांनी जीप कधी मागितली नव्हती त्यांना दवाखाने आठवले. ज्यांच्या सोयरिकी जमल्या होत्या त्यांनी पुन्हा एकदा मुलगी बघून घेतली. एकाला तर नुसतंच परतूरच्या बाजारात फिरून यायचं होतं. त्यानं तसं सांगितलंही, त्याच्या प्रामाणिकपणाला मी मानलं.

लोक फुकटे नव्हते, हे मी रागातसुद्धा कबूल करीन. काहीतरी टाकायचं असतं, हे त्यांच्या हाडीमाशी होतं, आणि टाकायला जागा सापडत नव्हती. मग ते आमच्या घरात टाकू लागले. मोसंबी आली. वांगी आली. हरभऱ्याचे डहाळे, पोतंभर भुईमुगाच्या शेंगा, एकदा तर जिवंत कोंबडा आला, आणि आमच्या घरी कुणी खात नाही. त्या हिवाळ्यात आम्ही इतकी वांगी खाल्ली की अंगद दुकानातून उशिरा यायला लागला. आता सांगा, कोंबडा मी फळ्यावर कुठल्या रकान्यात मांडायला हवा होता?

वीजबिल वाढलं, ते मी एक वेळ सोसलं असतं. सकाळ सोसवेना. रात्री कुणीतरी गाडी रिकामी करून आणायचं, ती सकाळपर्यंत अर्धीमुर्धी भरायची, किंवा सकाळी जागेवरच नसायची, आणि मी डबा हातात घेऊन परत काळी-पिवळीच्या थांब्यावर. महिनाभरात लाल शाई परत सुरू झाली. हेडसर म्हणाले, "बाई, तुमच्याकडं तर आता गाडी आहे." मी काय उत्तर देणार? गाडी आहे म्हणूनच उशीर झाला, हे गणिताच्या बाईनं कोणत्या तोंडानं सांगावं? मग त्यांनी सरळ सांगितलं, अजून एकदा उशीर झाला तर कायम करण्याचा प्रस्ताव ते पुढं पाठवणार नाहीत. फेब्रुवारीत तपासणीला साहेब येणार होते, माझा तास बघणार होते. त्या दिवशी तर नाहीच नाही.

मी घरी येऊन मामांसमोर उभी राहिले. चिडले होते आणि रडूही येत होतं.

"मामा, तुम्ही गाडी देऊ नका. माझी नोकरी जाईल."

मला वाटलं ते म्हणतील, मग जाऊ दे, दुकानावर बस. ते तसं म्हणाले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मला न्हाई म्हणता येईना, पोरी. उभ्या जन्मात कुनाला न्हाई म्हणलो न्हाई म्या. तेल होतं तवा बरं होतं." थोडं थांबून म्हणाले, "परतूरच्या एका माणसाला सांगून ठेवलंय. पाडव्याला गाडी बघायला येतो म्हणला. गाडी गेली की सुटलो समदेच."

ते सुटतील, हे खरं होतं. मी मात्र युरिया मोजत बसणार होते. त्या दिवशी मला मामांची कीव आली आणि त्यांचा संतापही आला, दोन्ही बरोबरीनं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तातेराव आले. मिथुनसाठी जालन्याची मुलगी बघायची होती, दुसऱ्या दिवशी सकाळी. मिथुन आधीच जालन्याला जाऊन केस कापून बसला होता. "गाडी लागती," तातेराव म्हणाले, आणि मामांनी मान हलवली. मी चुलीपुढून ऐकलं. भाकरी करपली. आत्यांनी ती तव्यावरून काढली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "त्यायनं गाडी दिली. चालवायला कोन हाय?"

"मिथुन नसला तरी तातेरावांचे मेव्हणे चालवतील."

"गाडी चालवायची म्हणजी चावी लागती," आत्या म्हणाल्या. "चावी कुठं हाय?"

चावी माझ्या पर्समध्ये होती. मी आत्यांकडं बघत राहिले. त्यांनी दुसरी भाकरी थापायला घेतली.

सकाळी अंगणात चौघंजण हजर. तातेराव, त्यांचे दोन मेव्हणे आणि मध्यस्थ म्हणजे सोयरीक जुळवणारा एक लठ्ठ माणूस. दोन फेटे, दोन टोप्या, अत्तराचा घमघमाट. मी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, पर्स लटकवून बाहेर आले आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

"हे काय?" तातेराव म्हणाले.

"मामांनी गाडी दिलीय ना, तातेरावमामा. न्यायलाच आलेय. बसा. मला शाळेत सोडायचं..." मी मुद्दाम थांबले. "म्हणजे मीच मला सोडते आणि तुम्हाला परतूरच्या स्टेशनावर. जालन्याला गाडी आहे रेल्वेची. मुलीकडच्यांना उशीर नको."

तातेरावांनी मामांकडं बघितलं. मामांनी आभाळाकडं बघितलं. गाडी देतो हा त्यांचा शब्द होता आणि गाडी तर समोर उभी होती, दारं उघडून. त्यांचा शब्द कुठं मोडला होता?

आता पुढचं जरा समजून घ्या. सासऱ्याच्या नात्यातल्या माणसानं सुनेच्या शेजारी बसायचं नसतं. चारचौघांत तर बिलकुल नाही. तातेराव माझे चुलत सासरे, मेव्हणे त्यांचे म्हणून तेही सासऱ्यासारखेच, आणि मध्यस्थ परका पुरुष, म्हणजे तो तर नाहीच नाही. माझ्या शेजारची पुढची सीट, ऐसपैस, मऊ, पाय लांब करून बसावी अशी, ती कुणालाच चालेना. मागची सीट तीन माणसांची, तीही बारीक असतील तर. चौघांनी एकमेकांना "तुमी बसा" म्हणून बघितलं. मग निमूटपणे चौघंही मागं शिरले. मध्यस्थ शेवटी. दार लावायला अंगदला बाहेरून खांदा द्यावा लागला.

आष्टी ते परतूर रस्ता कसा आहे, हे तिथला माणूस जाणतो. प्रत्येक खड्ड्यात मागून चार आवाज यायचे. एक फेटा सुटून दोघांच्या मांडीवर पसरला होता. "शालू, जरा हळू," तातेराव म्हणाले. मी म्हणाले, "व्हय मामा," आणि वेग होता तोच ठेवला. पुढची सीट सगळ्या वाटभर रिकामी. परतूरच्या बाजारातून जाताना तर सिग्नल असल्यासारखी माणसं थांबली. एका भाजीवालीनं वाकून बघितलं आणि शेजारणीला हाक मारली.

शाळेच्या फाटकाशी हेडसर आणि तपासणीचे साहेब उभेच होते. आधी मला सोडते, मग तुम्हाला, असं मी ठरवलं नव्हतं, पण शाळा वाटेत आधी लागते आणि प्रार्थनेची घंटा व्हायला आली होती. स्टेशन तिथून पायी जवळच. मी गाडी लावली. मागची दोन्ही दारं उघडली आणि एकामागून एक चार ज्येष्ठ माणसं बाहेर सांडली. प्रार्थनेच्या रांगेतली पोरं मोजायला लागली.

"हे कोण?" हेडसरांनी विचारलं.

"पालक, सर," मी म्हणाले. "शाळा बघायला आलेत."

साहेब खूष झाले. त्यांनी तातेरावांचा हात हातात घेतला आणि ग्रामीण भागात पालक एवढे पुढं येतात याचं कौतुक केलं. तातेराव फेटा बांधत "हाव, हाव" म्हणाले आणि चौघंही स्टेशनाकडं असे पळाले की जणू मुलगी बघायला नाही, स्वतःची सुटका करून घ्यायला निघालेत. त्या दिवशी मी अपूर्णांकांचा भागाकार शिकवला. साहेबांनी मधे एक प्रश्न विचारला, पोरांनी उत्तर दिलं, आणि महिन्याभरानं प्रस्ताव पुढं गेला.

संध्याकाळी तातेराव आमच्या ओट्यावर तावातावानं आले. "पुंजाराम, चार माणसं मागं कोंबली आन पुढची सीट रिकामी! समदं परतूर हसून राह्यलं व्हतं. माझी काय इज्जत हाय का न्हाई?"

"मंग बसायचं व्हतं पुढं," आत्या आतून म्हणाल्या.

मामांनी आत बघितलं, मग अंगणातल्या गाडीकडं बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं. ते हसू मी जीप विकल्यापासून बघितलं नव्हतं. "तातेराव," ते तोंडभर हसून म्हणाले, "गाडी तुमचीच हाय. कवाबी न्या. फकस्त सून चालवती."

तातेराव चहा पिऊन, थोडं पावसापाण्याचं बोलून निघून गेले.

त्यानंतर जो कुणी गाडी मागायला आला, त्याला मामा ओट्यावर बसवून ते वाक्य ऐकवायचे. वीस-पंचवीस वर्षं तेलावर काढलेल्या माणसाला नवं वाक्य सापडलं होतं आणि ते म्हणताना त्यांना इतका आनंद व्हायचा की कुणी मागायला आलं नाही तर ते स्वतःच विषय काढायचे. पुरुषांची रांग आठवड्यात संपली. वांगी थांबली. अंगद वेळेवर घरी यायला लागला.

पण मग बायका यायला लागल्या. गाडी मागायला नाही, गाडीत बसायला. मी निघायच्या वेळी त्या दारात तयार उभ्या असायच्या. गिरिजाबाईंना दवाखाना, उषाबाईंना बँक, कुणाला बाजार. मी कुणासाठी थांबत नव्हते, म्हणून कुणी उशीर करत नव्हतं. पुढच्या सीटवर त्या पाळीपाळीनं बसायच्या. पाळीवरून दोनदा भांडणही झालं, आणि काच खाली करून पारावरच्या पुरुषांकडं बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते बघून मला हेडसरांनी दिलेल्या सगळ्या लाल शाईची भरपाई मिळाली. त्यांची मोसंबी मात्र येत राहिली, आणि मी नको म्हणाले नाही.

पाडवा आला. गुढी उभारली, पुरणपोळी झाली, आणि मी ओसरीत फळ्यासमोर बसले. चौथ्या वर्षाभोवतीचा गोल अजून पुसट दिसत होता. हिवाळ्याचं बिल घालून बघितलं तर तो गोल पाचव्या वर्षाकडं सरकत होता. माझ्या कागदावर गाडी परवडत होती, पण चार महिन्यांच्या मापानं नाही, आणि ठरलं होतं चार महिन्यांचं. परतूरचा माणूस दुपारी गाडी बघायला येणार होता. मामांनी त्याला शब्द दिला होता, आणि मामा कधी नाही म्हणाले नव्हते. गाडी गेली तर काळी-पिवळी, काळी-पिवळी म्हणजे उशीर, आणि अखेर युरिया.

तेवढ्यात आत्या बाहेर आल्या. हिरवं नवं लुगडं, कपाळाला ठळक कुंकू, हातात पिशवी. कुणाकडं न बघता अंगण ओलांडून गाडीपाशी गेल्या, पुढचं दार उघडलं आणि सीटवर बसल्या. पदर मांडीवर नीट केला.

"कुठं?" मामांनी विचारलं.

"हसनाबादला. भावाकडं. बेचाळीस साल झाले ह्या घरात येऊन. बैलगाडीत मागं बसले, जीपमधी मागं पोत्यावर बसले. आज पुढं बसून माहेराला जाऊन राह्यले."

मला त्या रविवारचा त्यांचा प्रश्न आठवला, आणि आम्ही हसलो होतो तेही आठवलं. मी चावी घेतली.

"लांब हाय लई," मामा म्हणाले. "जाऊन येऊन करंट पुरंल का?"

"भाऊ लावंल की वायर," आत्या म्हणाल्या. "गाडी त्याच्या दारात आल्यावर त्यो रिकामी धाडंल का?"

आमच्या गावाला चार महिने जे सुचलं नव्हतं ते एवढं सोपं होतं. मी गाडी चालू केली. मामा अंगणात उभे होते. आत्यांनी काच खाली केली.

"यायचं असंल तर या."

मामा दोन पावलं पुढं आले. पुढच्या दाराकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी टोपी सारखी केली, मागचं दार उघडलं आणि भावासाठी आत्यांनी आधीच मागं ठेवलेल्या मोसंबीच्या टोपलीशेजारी अवघडून बसले.

आम्ही परतूर ओलांडलं आणि मामांचा फोन वाजला. गाडी बघायला येणारा माणूस आष्टीत पोचला होता. फोनवरचं मला पुढं ऐकू येत होतं. गाडी कुठाय, विचारत होता.

"गाडी घरी न्हाई," मामा म्हणाले. "बाहीर गेली."

"मग उद्या येऊ का?"

मामा अडकले. उद्या ये म्हणावं तर माझं संपलं, येऊ नको म्हणावं तर ते म्हणायची त्यांना सवय नाही. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते.

आत्यांनी मागं वळून बघितलंही नाही. समोरच्या रस्त्याकडं बघत त्यांनी मला विचारलं, "शालू, ब्याटरी किती सालाची म्हणली व्हतीस?"

"आठ, आत्या."

"सांगा त्यायला," त्या मामांना म्हणाल्या, "आठ सालानं या म्हणावं. तवर तुमी मागं नीट बसा."

मामांनी आरशात माझ्याकडं बघितलं. मग फोनवर म्हणाले, "आठ सालानं या," आणि फोन खिशात घालून मोसंबीची टोपली मांडीवर घेतली.